आपण म्हणजे कोण

मंगळवार, ४ मार्च

तिघांना आधी दारातून आत जाऊ दिलंस, मग जिन्याकडे तोंड करून उभा राहिलास, आणि चौघांत एकटा तूच मेलास. तिथं मी रेकॉर्डिंग थांबवलं. मागे नेलं. पुन्हा पाहिलं. पुन्हा तिघं आत, तू बाहेर.

दादा, तो तूच आहेस ना?

उत्तर लगेच देऊ नकोस, आधी वाच. तुझ्या फोनवर माझा नंबर तीन वर्षं बंद आहे म्हणून कागदावर लिहिते. दुसरंही कारण आहे. सध्या आमचे फोन ऑफिसच्या दारात तपासतात. कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतात, आणि संध्याकाळी ती काढताना नखानं खरवडून बघतात की सकाळचीच आहे ना. अशा जागेतून तुझ्याशी बोलायचं नाही, असं मी ठरवलं.

मी काय करते ते आईनं सांगितलंच असेल, पण तिला कळलं तेवढंच. आमच्या खेळात चौघांची तुकडी असते. एक म्होरक्या, तीन सोबती. चौघं चार गावांतले, एकमेकांना कधी न पाहिलेले. म्होरक्यानं बटण दाबलं की पडद्यावर एक चक्र उघडतं. चक्रात सहा हुकूम. एक निवडायचा, तो तिघांच्या पडद्यावर उमटतो. नकाशावर खूणही करता येते. एवढ्यानं काही होत नव्हतं. दहा हुकूम दिले तर चार पाळले जायचे. म्होरके चिडून आणखी खुणा करायचे, नकाशा गोवर उठल्यासारखा दिसायचा, आणि सोबती त्याच्याकडे बघणंच सोडायचे.

हे सुधारायचं काम वर्षभर माझ्याकडे आहे. नवं साधन तयार झालं आहे आणि बाहेरचे चाळीस लोक ते खेळून बघतायत. त्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. नावं कायदा विभागाच्या कपाटात. आवाजही त्यांचे स्वतःचे नाहीत. आमचा आवाजवाला ते सगळे एकाच गाळणीतून काढतो, मग बाई काय, पुरुष काय, म्हातारा काय, सगळे बादलीत तोंड घालून बोलल्यासारखे. लोक ऐकतात ते साधनामुळे की आवाजामुळे, हे वेगळं करता यावं म्हणून.

एकतीस नंबरचं दहांत नऊ वेळा ऐकतात.

मी त्याची बावीस रेकॉर्डिंग ऐकली. हुकूम द्यायच्या आधी तो दोन श्वास थांबतो. सोबत्यांना नंबरानं हाक मारतो आणि नंबर कधी चुकत नाही. खुणेचं काम झालं की स्वतःच ती पुसतो. ‘पुढे जा’ म्हणत नाही, ‘आपण पुढे जाऊ’ म्हणतो. आणि सगळ्यांत शेवटी आत जातो. म्होरक्यानं कसं बोलावं ते तू लिहायचास, तुझ्या त्या वहीत असंच काहीसं होतं, मला पुसट आठवतं. ती हरवली असं तू म्हणत होतास.

आता मुद्दा. गेल्या गुरुवारी आमच्या चक्राचं चित्र बाहेर झळकलं. खेळ अजून जाहीर व्हायचा आहे. चाळिसांपैकी कोणी फोडलं ते शोधायला प्रमुख बाईंनी मला सांगितलं आहे. सोमवारी, सतरा तारखेला, सकाळी नऊला अहवाल. ज्याचा नंबर निघेल त्याचा प्रवेश बंद, आणि पुढचं वकील बघतील. नंबर नाही निघाला तर हे चाळीस निवडले कोणी, असा प्रश्न येईल. अर्जांवरची नावं झाकलेली होती, पण निवड माझी आहे.

तू असशील तर सांग. नसशील तरी सांग.

शेपूट
(हे नाव तूच ठेवलेलं. दुसरं लिहून बघितलं, बरं दिसेना.)


शुक्रवार, ७ मार्च

टपाल दोन दिवसांत पोचतं. मी पोस्टात विचारलं. म्हणजे पत्र तुला मिळालं आहे आणि तू ते घेऊन बसला आहेस.

रविवारी पाचला आईचा फोन येतो. चार मिनिटं. तुझं नाव काढायचं नाही असं मी तिला सांगून ठेवलंय, ती नाव न काढता तुझंच सांगते. गेल्या खेपेला म्हणाली, नवी नोकरी लागलीय, दिवसभर कानाला हेडफोन लावून बसायचं आणि लोकांना सांगायचं कोणी कुठं जायचं. मी विचारलं, कुठली कंपनी. ती म्हणाली, नाव लांबलचक आहे बाई, आणि दूध वर आलं म्हणून फोन ठेवला.

कोणी कुठं जायचं ते सांगतो. दादा, असं काम मला एकाच धंद्यातलं माहीत आहे. आमच्या पलीकडच्या कंपनीनंही तुकडीचा खेळ काढायला घेतलाय, हे तुला माहीत नसेल असं मी धरून चालत नाही.

काल आणखी एक सापडलं. एकतीस कधी ‘मी’ म्हणत नाही. बावीस रेकॉर्डिंगांत एकदाही नाही. आपण थांबू, आपण बघू, आपण जाऊ. ‘मी’ म्हटलं की पुढे जातो किंवा जाते म्हणावं लागतं, आणि मग गाळणीचा काही उपयोग राहत नाही. आवाजवाल्याच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. मी दाखवलं तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. बाकीचे एकोणचाळीस पहिल्याच वाक्याला उघडे पडतात. एकतीस पडत नाही. इतकं सावध माणूस मी आयुष्यात एकच पाहिलंय.

मग तेविसावं रेकॉर्डिंग ऐकलं. पुलाजवळ धांदल उडाली होती. चार नंबर रडकुंडीला आला, मला जमत नाही म्हणाला. आणि एकतीस म्हणाला, “तुम्ही तिघं व्हा पुढे. मी मागे थांबते.”

थांबते.

मी ते अकरा वेळा ऐकलं. आधी वाटलं, माझं चुकलं, ही कोणी बाई आहे. मग हसू आलं. बावीस वेळा तोंड सांभाळणारा माणूस तेविसाव्या वेळी घसरेल कसा? घसरल्यासारखं करेल. लहानपणी तू फोनवर बाईच्या आवाजात बोलून शेजारच्या काकांना अर्धा तास फिरवलं होतंस. ते बिचारे शर्ट बदलून खाली जाऊन उभे राहिले होते. तेव्हा मी पोट धरून हसले होते. आता नाही हसत.

मला ते ऐकवायचं होतं म्हणून तू ते बोललास. रेकॉर्डिंग मीच ऐकते हे तुला कळलंय.


सोमवार, १० मार्च

आज ऑफिसात जे झालं ते सांगायला दुसरं कोणी नाही म्हणून तुला सांगते. विश्वास वगैरे समजू नकोस.

महिन्याभरापूर्वी मी एका अहवालात लिहिलं होतं की जे म्होरके ‘आपण’ म्हणतात त्यांचं जास्त ऐकलं जातं. ‘जे म्होरके’ असं अनेकवचन लिहिलं. म्होरक्या एकच होता. प्रमुख बाईंनी ते मनावर घेतलं आणि शनिवार-रविवार बसून चक्रातले तयार हुकूम स्वतः बदलले. इथं येण्याआधी त्या सरकारी कागदांचे मसुदे करायच्या. आज सकाळी चक्र उघडलं तर आत होतं: आपण पुढे जावे. आपण दार सांभाळावे. आपण मागे फिरावे.

मी पाहिलं आणि गप्प बसले. ‘आपण’ हा शब्द कुठून आला हे कोणी विचारू नये, म्हणून.

दहा तुकड्या खेळायला उतरल्या. पहिल्याच दाराशी एका म्होरक्यानं हुकूम दिला, आपण पुढे जावे. एक सोबती म्हणाला, आपण म्हणजे कोण, तू का मी? दुसरा म्हणाला, टोमणा मारतोय तो, ‘जावे’ म्हणतोय बघ. तिसरा म्हणाला, आपणच व्हावे पुढे महाराज, आम्ही आपल्या चपला घेऊन येतो. मग चौघं दाराशी एकमेकांना आपण आधी, छे छे आपण आधी करत उभे राहिले आणि एका हातबॉम्बनं चौघंही गेले. इतर तुकड्यांत शिव्या झाल्या. दोन म्होरक्यांना सोबत्यांनी मत देऊन काढून टाकलं. दुपारपर्यंत दहांत दोनवर आलो, जुन्या चारच्याही खाली.

प्रमुख बाई काचेच्या खोलीतून बघत होत्या. मला आत बोलावून विचारलं, तुझ्या त्या म्होरक्यांच्या ‘आपण’चं ऐकतात आणि माझ्या ‘आपण’वर हसतात, असं का? मी म्हटलं, क्रियापदामुळे. ‘जाऊ’ म्हटलं की बोलणाराही उठतो. ‘जावे’ म्हटलं की तो खुर्चीत बसून राहतो.

 त्या म्हणाल्या, “हे तुला कोणी शिकवलं?”

मी म्हटलं, अनुभवानं येतं.

‘बोलणाराही उठतो’ हे वाक्य तुझ्या वहीतलं आहे. पहिल्या पानावर, निळ्या शाईत, खाली दोन रेघा. मंगळवारी मी लिहिलं होतं की पुसट आठवतं. तेवढं पुसट नाही.

आणि तू मला जन्मात एकदाच ‘आपण’ म्हणालास, तेही आठवतं. तीन वर्षांपूर्वी घर सोडताना मी बॅग घेऊन दारात होते. आई मध्ये उभी होती, एक हात तुझ्या छातीवर आणि एक माझ्या खांद्यावर. तू म्हणालास, “आपण वही घेतली असेल तर आपण ती ठेवून जावी.” मी म्हटलं, तुझ्या वहीला मी हात लावलेला नाही.

सहा दिवस झाले. लिही काहीतरी.


गुरुवार, १३ मार्च

तुझं पोस्टकार्ड आलं. ते इथं उतरवून काढते, म्हणजे मी कसं वाचलं ते तुला कळेल.

‘तीन वर्षांत मी एकही खेळ खेळलेलो नाही. रुग्णवाहिकांच्या केंद्रात फोन घेतो, बारा तास. वही तुझ्याकडे आहे हे मला तेव्हाच माहीत होतं, ठेव. त्यात माझं काही नव्हतं.’

पहिलं वाक्य फार स्वच्छ आहे. खरं बोलणारा माणूस इतकं स्वच्छ बोलत नाही, कुठंतरी अडखळतो.

दुसरं तपासता येण्यासारखं होतं. म्हणून मी त्या केंद्राला फोन केला. हो, केला. तुझी चौकशी केली. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, ताई, इथं फोन करायला कोणीतरी पडलेलं असावं लागतं, पडलंय का कोणी? मी ठेवून दिला. मागे एक पुरुष कोणाला तरी रस्ता समजावत होता. तो तू असशील किंवा नसशील.

तिसऱ्यावर मी काही म्हणत नाही. चौथं मला सगळ्यांत जास्त खटकलं. त्यात माझं काही नव्हतं. ज्या वहीसाठी बहिणीला दारातून परत बोलावलं नाहीस, तिच्यात तुझं काही नव्हतं? ही गोष्ट मी मान्य करावी, मग तू वकिलासमोर म्हणावंस की बघा, वही तिच्याकडेच आहे. असंच ना?

तर मग लिहूनच देते. वही माझ्याकडे आहे. उशीच्या अभ्र्यात घालून नेली. आमच्या नव्या साधनात जे काही चांगलं आहे ते तिच्यातलं आहे. नकाशावर म्होरक्याची एका वेळी एकच खूण. सोबत्यांनी ‘कळलं’ म्हटल्याशिवाय दुसरा हुकूम देता येत नाही. आणि म्होरक्याच्या पडद्यावर पुढे कोण आहे ते न दाखवता मागे कोण राहिलं ते दाखवायचं, ज्यावर सगळे खूश झाले आणि मला वरची जागा मिळाली, तेही. सभेत मी म्हटलं, हे माझं निरीक्षण. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण सगळ्यांनी लिहून घेतलं.

आता फुटलेल्या चित्राबद्दल, जे मी कोणाला सांगितलेलं नाही. म्होरक्याला हवे तर चक्रात स्वतःचे हुकूम लिहिता येतात. त्या चित्रातल्या चक्रात सहाही हुकूम ‘आपण’नं सुरू होतात, आणि शेवट ‘जाऊ’, ‘बघू’, ‘थांबू’. प्रमुख बाईंनी विचारलं, असं कोण लिहितं? मी म्हटलं, बरेच जण लिहितात. कोणीच लिहीत नाही. फक्त एकतीस. त्याचं चक्र मी पहिल्याच दिवशी उघडून पाहिलं होतं. तुला लिहायच्या आधी.

आवाजवाला कालपासून एकेकाचं चक्र उघडून मोजतोय. एका नंबरपासून सुरुवात केलीय, आज वीसपर्यंत आलाय. जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे न बघता म्हणाला, “बरेच जण म्हणजे किती गं साधारण?”


रविवार, १६ मार्च

ऑफिसला सुट्टी होती. मी गेले.

एकतीस रविवारी चारला खेळतो. मी ठरवलं की खेळ चालू असताना आईला फोन करायचा आणि विचारायचं, दादा कुठाय. तू घरी असलास तर ती सांगून टाकेल, आत बसलाय हेडफोन लावून. तिला खोटं बोलायला वेळ लागतो, असा माझा समज होता.

एका कानाला हेडफोन लावला. दुसऱ्या कानाला टेबलावरचा फोन. खेळात ते चौघं एका गोदामात शिरले होते, पाच नंबरच्या पायाला गोळी लागली होती. एकतीस म्हणाला, आपण इथं बसू, आधी पाचचा पाय बघू. मी घरचा नंबर फिरवला.

फोनच्या कानात घंटी वाजायला लागली. खेळाच्या कानातही काहीतरी वाजायला लागलं.

“जरा थांबू हं आपण,” एकतीस म्हणाला. “फोन आलाय.”

मग फोनच्या कानात आई म्हणाली, “हां, बोल गं.” आणि अर्ध्या सेकंदानं दुसऱ्या कानात, बादलीतून, हां, बोल गं.

 ती म्हणाली, अगं बोल की, बरी आहेस ना? अगं बोल की, बरी आहेस ना. मी विचारलं, दादा कुठाय. ड्युटीवर, ती म्हणाली, दोनदा. मी विचारलं, तू काय करतेयस. काही नाही, पडले होते जरा. तिकडे पाच नंबर म्हणाला, पडलोय तर मी, इकडे रक्त चाललंय. आई घाईनं म्हणाली, ठेवते गं, पाचला करते नेहमीसारखा. तिला खोटं बोलायला अजिबात वेळ लागत नाही.

मी फोन ठेवला. हेडफोनही काढायला हवा होता.

पाच नंबरनं विचारलं, कोण होतं? माझी धाकटी, आई म्हणाली. हे सगळं तिनंच केलंय, हे चक्र, ह्या खुणा. तो म्हणाला, मग तिला सांग, पावलांचे आवाज कमी कर म्हणावं, कान किटले. आई हसली. गाळणीतून ते हसणं खोकल्यासारखं आलं. म्हणाली, तिला माहीत नाही मी खेळते ते. नाव झाकून अर्ज घेत होते म्हणून तर भरला.

नऊ नंबरनं विचारलं, पण का?

“फोनवर चार मिनिटं बोलते ती,” आई म्हणाली. “इथं निदान कळतं, दिवसभर काय करते.”

मग तिनंच सांगितलं की चक्राचा फोटो काढून तिनं वॉर्डातल्या जुन्या मैत्रिणींना पाठवला होता, लेकीचं काम म्हणून, आणि त्यांतल्या एकीच्या सुनेनं तो पुढे कुठंतरी लावला म्हणे, लोकांना फार आवडला.  मग नऊ नंबर हळूच म्हणाला, “एकतीस, इथं असलं काही बोलू नका. ऐकतात ते.” तोवर सगळे तिला अरे-तुरे करत होते.

“ऐकू देत,” आई म्हणाली. “झाला का पाय? चला, आपण निघू.”

दादा, अठ्ठावीस वर्षं तिनं वॉर्डात नर्स म्हणून काढली. आपण आता गोळी घेऊ. आपण कुशीवर वळू. त्यातली एकही गोळी तिनं घेतली नाही आणि कोणाला ते खोटं वाटलं नाही. नंबर म्हणजे खाटांचे नंबर. दोन श्वास म्हणजे रोग्याकडे बघून घेण्याचा वेळ. शाळा सुटल्यावर आपण दोघं तिच्या ड्युटीच्या खोलीत बसायचो, आणि तू ऐकून ऐकून लिहून काढायचास, पुढे आपल्या खेळासाठी. मी शेजारी बसून त्याच वहीच्या मागच्या पानावर बदकं काढायचे. ती बदकं अजून आहेत. तीन वर्षं मी ती वही रोज उघडते आणि मला एकदाही तिचा आवाज ऐकू आला नाही. त्यात तुझं काही नव्हतं. तू सरळ लिहिलं होतंस.

केंद्रातला तो रस्ता सांगणारा माणूस तूच होतास बहुतेक.

आता राहिलं उद्या. आजचं रेकॉर्डिंग पुसायचा अधिकार माझ्याकडे आहे. आवाजवाला तीसपर्यंत येऊन घरी गेलाय, उद्या सकाळी पहिलं चक्र तो एकतीसचं उघडेल. ते मी आज रिकामं करू शकते. आणि बारा नंबर म्हणून एक आहे, सोबत्यांना मागून गोळ्या घालतो, घाण बोलतो, गेला तर कोणी विचारणार नाही. त्याचं चक्र आवाजवाल्यानं बघितलंय, पण पुन्हा बघ म्हटलं तर बघेल. त्याच्या चक्रात सहा ओळी भरायच्या. चार मिनिटांचं काम.

मी दोन भरल्या आहेत. पडदा समोर उघडा आहे. तिसरी ओळ लिहायच्या ऐवजी तुला हे लिहिते आहे.

पाच वाजले. फोन वाजतोय. मी उचलत नाही.


सोमवार, १७ मार्च, दुपार

कालचं पाकीट टाकलं नव्हतं, त्यातच हे घालते.

सकाळी आठला बारा नंबरच्या दोन ओळी पुसल्या. नऊला अहवाल दिला. चित्र एकतीसनं पाठवलं, एकतीस माझी आई आहे, मला काल कळलं. ‘बरेच जण’ हे मी खोटं सांगितलं. साधन माझ्या भावाच्या वहीवरून केलं, वही मी न विचारता आणली होती. प्रमुख बाईंनी दोनदा वाचला आणि एकतीसचा प्रवेश तिथंच बंद केला. आईचं पुढे काय करायचं ते कायदा विभाग आठवड्याभरात कळवेल म्हणाल्या, आणि माझं ऑफिसचं कार्ड मागितलं. आवाजवाल्यानं माझा कप आणि टेबलावरची कात्री एका पिशवीत घालून दिली. कात्री त्याची होती.

वही सोबत आहे.

साडेदहाला आईचा फोन आला. सोमवारी ती कधी करत नाही. मी बसथांब्यावर होते. तिनं विचारलं, “तुमच्या ऑफिसात वीज गेलीय का गं?”

मी म्हटलं, हो, गेलीय.